ऑलिंथस : चौकाच्या घरांचे उत्खनन

ऑलिंथस हे उत्तर ग्रीसमधील कॅल्किडिकी भागातील प्राचीन नगर. मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने ते इ. स. पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त केले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डेव्हिड रॉबिन्सन यांनी १९२८ ते १९३८ या काळात चार हंगाम उत्खनन करून येथील शंभराहून अधिक घरे उजेडात आणली. उत्तर टेकडीवरील आखीव वस्तीत प्रत्येक घर सुमारे १७ मी. चौरस आहे. दगडी जोते, कच्च्या विटांच्या भिंती, कौलारू छप्पर, दक्षिणेकडे मोकळा चौक, त्याच्या उत्तरेस ‘पास्टास’ ही ओसरी व तिच्यामागे खोल्या, अशी सर्वसाधारण रचना दिसते. हिवाळ्यातील तिरपे ऊन त्यामुळे ओसरीत पोचे.

झेनोफनसारख्या लेखकांच्या आधारे ग्रीक घरात स्त्रियांचा भाग बंदिस्त व वेगळा होता, असे दीर्घकाळ मानले गेले. ऑलिंथसचा पुरावा या समजुतीला मुरड घालतो. पुरुषांची बैठक, म्हणजे ‘अँड्रॉन’, बांधणीवरून सहज ओळखू येते : भिंतीलगत आसनांसाठी ओटा, मध्यापासून सरकवलेले दार आणि काही ठिकाणी गारगोट्यांची चित्रमय फरशी. स्त्रियांसाठी बांधलेली तशी ठरावीक खोली मात्र आढळत नाही. मागाची मातीची वजने निरनिराळ्या घरांत निरनिराळ्या जागी मिळतात. यावरून विणकाम ऋतू, उजेड आणि सोय पाहून घरभर चाले, असे अनुमान निघते. खाजगीपणा राखला जाई तो मुख्यतः रस्त्यापासून. घरातली प्रत्येक हालचाल चौकातून होत असल्याने तेथून सर्वांवर नजर राही.

नगर लुटले गेल्याने वस्तू मूळ जागी राहिल्या नसाव्यात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु लुटारूंना मातीच्या वजनांचे मोल नव्हते, आणि अनेक घरांत ती एकत्र पुंजक्याने सापडली आहेत. स्त्रिया वरच्या मजल्यावर राहत, असेही म्हटले जाते. काही घरांत जिन्याचे अवशेष आहेत. तरीही तळमजल्यावरील रोजच्या कामाच्या खुणा पाहता तो केवळ पुरुषांचा होता, असे म्हणता येत नाही. रॉबिन्सन यांच्या नोंदींत साध्या भांड्यांकडे दुर्लक्ष झाले होते. म्हणूनच २०१४ पासूनच्या ग्रीक-ब्रिटिश प्रकल्पाने जमिनीच्या मातीतील सूक्ष्म अवशेष तपासले. घराचा नकाशा भिंती दाखवतो. घरातले जगणे कळण्यासाठी वस्तूची सापडलेली जागा तितक्याच काटेकोरपणे नोंदवावी लागते.