कागदाएवढा पडदा

दिवाळीचा फराळ संपत येतो आणि इकडे अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सेलच्या जाहिराती सुरू होतात. घरून काम करणाऱ्यांच्या यादीत हल्ली एक मोठा मॉनिटर हमखास असतो. जाहिरातीत दोनच गोष्टी ठळक असतात: कर्णाचे इंच आणि ‘४के’. पण दिवसाचे आठ-दहा तास त्या पडद्यावर वाचायचं-लिहायचं असेल, आणि त्यातलं काही मराठीत असेल, तर यांपैकी एकाही आकड्यातून हवं ते उत्तर थेट मिळत नाही. कोणता प्रश्न विचारायचा हे कळायला पडद्याचा इतिहास उपयोगी पडतो. त्यातला बराचसा भाग सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजे यांच्यामधल्या, तुमच्यापैकी अनेकांच्या रोजच्या रस्त्यावर घडला आहे.

मोठ्या पडद्याची कल्पना संगणकाच्या पडद्याहून जुनी आहे. व्हॅनिव्हर बुश यांनी जुलै १९४५च्या ‘अटलांटिक’ मासिकात एका काल्पनिक टेबलाचं वर्णन केलं होतं. त्या ‘मेमेक्स’वर तिरपे पडदे होते आणि दोन कागदपत्रं शेजारी-शेजारी ठेवून वाचता येत होती. एक वाचायचं आणि दुसऱ्याशी ताडून पाहायचं, हे तेव्हाच्या अभ्यासकाचं काम होतं आणि आजही बहुतेकांचं कार्यालयीन काम हेच आहे. पुढे ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या परिषदेत माउस, खिडक्या आणि दुवे दीड तास चालवून दाखवले. संगणक मात्र तीसेक मैलांवर मेन्लो पार्कला होता.

ही स्वप्नं टेबलावर आणली पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेने. १९७३ साली तिथे तयार झालेल्या ‘आल्टो’ संगणकाचा पडदा आजच्या पडद्यासारखा आडवा नव्हता, उभा होता. रुंदीला ६०६ आणि उंचीला ८०८ ठिपके, म्हणजे साधारण अमेरिकन लेटर कागदाएवढा. कॉपी यंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत पडद्याचं माप कागदावरून ठरावं, हे स्वाभाविकच होतं. त्यावर आलेल्या पहिल्या चित्रांत ‘सेसमी स्ट्रीट’चा कुकी मॉन्स्टर होता!

या पडद्याची खरी किंमत मेमरीत मोजायला हवी. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा हे लक्षात ठेवायला सुमारे ६१,००० बाइट लागत, आणि मूळ यंत्राची मेमरी होती १२८ किलोबाइट. म्हणजे जवळजवळ अर्धी मेमरी फक्त कागद दाखवण्यात जायची. मेमरी सोन्याच्या भावाची असताना हे करायला छाती लागते. बटलर लॅम्पसन, चक थॅकर, अॅलन के ही मंडळी म्हणत होती की मेमरी पुढे स्वस्त होईल, माणसाचे डोळे आणि वेळ होणार नाहीत. १९८१ साली आलेल्या झेरॉक्स ‘स्टार’चा १७ इंची पडदा आडवा झाला, पण माप कागदाचंच राहिलं: दोन पानं शेजारी-शेजारी दिसावीत.

१९८४च्या मॅकिंटॉशला किमतीपायी माघार घ्यावी लागली. ९ इंची पडदा, ५१२ बाय ३४२ ठिपके. इंचाला ७२ ठिपके धरले, तर लेटर कागदाची अर्धीही उंची मावत नाही. १९८६ साली मॅकच्या मूळ चमूतल्याच काही जणांनी ‘रेडियस’ कंपनी काढली आणि पहिला माल आणला तो पूर्ण पान दाखवणारा उभा पडदा. मोठा मॉनिटर वेगळा विकत घ्यायची सवय इथून रुळली.

आता आपल्या लिपीकडे येऊ. पडद्यावर जागा किती हा एक हिशोब झाला. अक्षराच्या वाट्याला ठिपके किती येतात, हा दुसरा. १९८७च्या व्हीजीए पडद्यावर मजकुराच्या पद्धतीत एका अक्षराला ९ बाय १६ ठिपक्यांची चौकट मिळे. रोमन अक्षर तिच्यात आरामात बसतं. देवनागरीचे मात्र तीन मजले आहेत: शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार, ऋकार. ‘सर्वांत’मध्ये रफार आणि अनुस्वार एकाच काठीवर बसतात. ‘उद्धृत’मध्ये जोडाक्षराच्या खाली पुन्हा ऋकार लटकतो. सोळा ठिपक्यांत हे तीन मजले बांधायचे म्हणजे चाळीतल्या एका खोलीत तीन बिऱ्हाडं बसवण्यासारखं आहे.

विंडोज २०००बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट ही कसरत करणारा होता. तो रेखाटला र. कृ. जोशी यांनी. मुंबईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवलेले, सुलेखनकार आणि कवी असलेले जोशी कागदावर कितीही लयदार अक्षर काढू शकत. पडद्यावर मात्र त्यांना मोजक्या ठिपक्यांत वाचता येईल असं अक्षर द्यायचं होतं. मंगलला आपण नावं ठेवतो, पण त्याकाळच्या पडद्याने हाताला किती मोकळीक दिली होती हे पाहून मग ठेवावीत.

त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने ‘क्लिअरटाइप’ आणलं. प्रत्येक ठिपक्यातले लाल, हिरवा, निळा हे भाग वेगवेगळे वापरून अक्षराच्या कडा गुळगुळीत करायच्या, ही त्यातली युक्ती. पण हे तीन भाग शेजारी-शेजारी असतात, म्हणून फायदा मिळाला तो आडव्या दिशेला. देवनागरीची अडचण मुख्यतः उभ्या दिशेची. त्यामुळे इंग्रजीला जेवढा आराम पडला तेवढा मराठीला पडला नाही.

उपाय एकच होता: ठिपके दाट करणे. आणि तो २००१ सालीच निघाला होता. आयबीएमच्या टी२२० मॉनिटरवर २२.२ इंचांत ३८४० बाय २४०० ठिपके होते, म्हणजे इंचाला २०४. तेव्हाच्या नेहमीच्या १०२४ बाय ७६८ पडद्याच्या जवळजवळ बारापट. तो कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत अणुचाचण्यांची संगणकीय प्रारूपं पाहण्यासाठी गेला. घरोघरी तो जाणं शक्य नव्हतं. किंमत वीस हजार डॉलरच्या आसपास, चित्र पोचवायला एकाहून जास्त केबल, आणि सॉफ्टवेअर अजून इंचाला ९६ ठिपके धरून चाललेलं, त्यामुळे अक्षरं मुंगीएवढी दिसत. काही वर्षांत तो बंद झाला.

पुढची दहा वर्षं पडद्याची सूत्रं टीव्हीच्या हाती गेली. एचडी टीव्हीचं पॅनेल लाखोंच्या संख्येने निघू लागलं, तेच स्वस्त पडलं, आणि २००८ ते २०१०च्या सुमारास मॉनिटर १६:१० सोडून १६:९ झाले. १२०० ओळींच्या १०८० झाल्या. सिनेमाला सोयीचं आणि लिहिणाऱ्याला गैरसोयीचं. दाट ठिपके परत आले ते फोनच्या वाटेने: २०१०चा आयफोन ४, आणि मग ऑक्टोबर २०१४चा २७ इंची ५के आयमॅक, इंचाला २१८ ठिपके. टी२२०ला जे वीस हजारांत जमलं, ते आता अडीच हजार डॉलरांत संगणकासकट मिळू लागलं.

या इतिहासातून तुमच्या खरेदीसाठी दोन मोजपट्ट्या मिळतात. पहिली कागदाची. लेटर कागद साडेआठ बाय अकरा इंचांचा. १६:९ आकाराच्या २४ इंची पडद्यावर खऱ्या मापाची दोन पानं जेमतेम मावतात, २७ इंचीवर दोन ऐसपैस, ३२ इंचीवर तीन. तुम्ही एका वेळी किती पानं समोर ठेवता ते मोजा आणि तेवढाच पडदा घ्या. मोठा म्हणजे जास्त काम, असं सरळ गणित नाही. यूटा विद्यापीठातल्या २००८च्या एका अभ्यासात २४ इंचीवर कामं लवकर उरकली आणि २६ इंचीवर वेग पुन्हा मंदावला. तो अभ्यास एनईसी या मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाला होता, तेही ध्यानात ठेवावं.

दुसरी मोजपट्टी अक्षराची. ४के म्हणजे रुंदीला ३८४० ठिपके, पडदा केवढाही असो. तेच ठिपके २७ इंचांत पसरले तर इंचाला १६३, ३२ इंचांत १३८, ४३ इंचांत १०२. बारा पॉइंटच्या मजकुराला जुन्या ९६च्या हिशोबाने उंचीत १६ ठिपके मिळत, १६३ला २७ मिळतात, २१८ला ३६. साधारण निरोगी डोळ्याला साठ सेंटिमीटरवरून इंचाला १४५च्या पुढे सुटे ठिपके दिसत नाहीत. म्हणून ४के घ्यायचा तर २७ इंची हा मराठी वाचणाऱ्याला मानवणारा मेळ आहे. ३२ इंची घेतला तर थोडं मागे सरून बसा. ४३ इंची ४केवर जागा भरपूर, पण अक्षर २००१ सालचं.

संशोधनासाठी मी जुन्या मराठी नियतकालिकांची स्कॅन केलेली पानं एका बाजूला आणि टिपणं दुसऱ्या बाजूला ठेवते. निर्णयसागरसारख्या छापखान्यांच्या खिळ्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ऱ्हस्व-दीर्घाचा, रफार-अनुस्वाराचा जो नेटकेपणा कागदावर आणला होता, त्याच्या जवळ पडदा आत्ता कुठे पोचतो आहे. तेव्हा दुकानात गेलात तर तिथे लावलेला समुद्राचा आणि पोपटांचा व्हिडिओ बंद करायला सांगा. एक कोरं पान उघडा, बारा पॉइंटमध्ये ‘सर्वांत’, ‘उद्धृत’, ‘महाराष्ट्र’ लिहा, आणि हातभर अंतरावरून वाचा. रफार आणि अनुस्वार वेगळे दिसले, तर पडदा कामाचा.