जनमत कौल, गोवा (१९६७)

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झालेले थेट मतदान. गोव्यात ते ‘ओपिनियन पोल’ या नावानेच ओळखले जाते.

भारतीय संविधानात सार्वमताची तरतूद नाही. राज्यांची फेररचना अनुच्छेद ३ नुसार संसद करते. म्हणून या मतदानासाठी १९६६ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. मतदानाची गरज होती का, हा यातला मुख्य वाद. डिसेंबर १९६३ ची निवडणूक विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने जिंकली होती, तेव्हा लोकांचा निर्णय झालाच आहे, असे त्या पक्षाचे म्हणणे. पक्षाला दिलेले मत म्हणजे विलीनीकरणाला दिलेले मत नव्हे, असे डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे म्हणणे. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर यांचे सरकार पायउतार झाले आणि राष्ट्रपती राजवटीत कौल घेतला गेला.

विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित प्रदेशासाठी ‘दोन पाने’ ही चिन्हे होती. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते मिळाली. फरक ३४,०२१ मतांचा. मार्च १९६७ च्या निवडणुकीत मात्र याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. सिक्वेरांचा युक्तिवाद खरा असल्याचा याहून सबळ पुरावा नाही.

एका प्रश्नावर लोकांचा थेट कौल घेण्याची गरज स्पेनमध्येही दिसते. ‘नाटो’ या लष्करी संघटनेत तो देश १९८२ मध्ये सरकारच्या निर्णयाने गेला. त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या समाजवाद्यांनी निवडणुकीत दिलेल्या वचनानुसार १२ मार्च १९८६ रोजी सार्वमत घेतले. कौल ‘नाटो’त राहण्याच्या बाजूने गेला, पण मतदान सुमारे ५९ टक्केच झाले आणि प्रश्नातच सरकारने अटी गुंफल्या होत्या. गोव्यातला प्रश्न सुटसुटीत होता आणि मतदान ८१ टक्क्यांवर गेले. गोव्यातल्या कौलाचे नैतिक बळ यातच आहे.

उणिवा दोन. मुंबईत पोटापाण्यासाठी गेलेल्या गोमंतकीयांना मताधिकार मिळाला नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर: स्वतंत्र घटक राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले.