व्याकरणातला अनामिक गुरू

इ.स. १६६६. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे जॉन एलियट या प्युरिटन धर्मोपदेशकाचे एक छोटेखानी व्याकरण छापले गेले. भाषा होती बॉस्टन परिसरातील मूलनिवासींची, अल्गोंक्वियन कुळातील मॅसॅच्युसेट. तीनच वर्षांपूर्वी याच भाषेतील संपूर्ण बायबल तेथे छापून झाले होते.

या व्याकरणातील एक नोंद पाहा. मराठीत नामाला तीन लिंगे. येथे भेद सजीव आणि निर्जीव असा. सजीव नामांचे अनेकवचन 'ओग' प्रत्ययाने होते. माणसे आणि प्राणी या गटात यावेत हे ओघानेच आले, पण आकाशातील तारेही त्यातच! एलियटने तो अपवाद मानला. बोलणाऱ्यांना तसे वाटत असेल का, ही शंका माझी.

हे सारे त्याला शिकवले कोणी? ग्रंथाच्या शेवटी एलियट एका तल्लख तरुणाचे ऋण मान्य करतो. तो इंग्रजाघरी चाकर होता, त्याचे उच्चार स्वच्छ होते, दहा आज्ञांचे भाषांतर त्याच्याच मदतीने झाले. एवढे सगळे सांगतो; नाव मात्र सांगत नाही.

तो लाँग आयलंडचा कॉकेनो, १६३७ च्या पीक्वॉट युद्धातला कैदी. त्याच्यावर स्वतंत्र पुस्तक आले ते १८९६ मध्ये, विल्यम वॉलेस टूकर यांचे.