उतरणाऱ्या दोन विमानांमध्ये किती अंतर ठेवतात?

नाशिकच्या ओझर विमानतळाला धावपट्टी एकच आहे. प्रवासी विमानं तिथेच उतरतात आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यातली लढाऊ विमानंही तिथूनच उडतात. २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची अमृतस्नानं आहेत, तेव्हा विमानांची गर्दीही वाढणार. मग एकामागोमाग एक विमानं उतरवता येतील का? येतील, पण मध्ये ठरावीक अंतर सोडूनच.

अंतर का लागतं?

उडणाऱ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे निघतात. होडी पुढे गेली तरी मागे पाणी ढवळलेलं राहतं, तसंच हे. विमान जितकं जड, तितका भोवरा जोरकस. मागचं छोटं विमान त्यात सापडलं तर एका अंगावर कलंडू शकतं आणि जमिनीजवळ सावरायला उंची उरत नाही.

दुसरं कारण धावपट्टीचं. पुढचं विमान बाहेर वळेपर्यंत मागच्याला साधारणपणे उतरता येत नाही. धावपट्टी मोकळी झाली नाही, तर वैमानिक विमान पुन्हा वर घेतो आणि फेरी मारून येतो.

नियम काय आहे?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पारंपरिक नियमात विमानांचे वजनानुसार गट आहेत. १३६ टन किंवा जास्त म्हणजे जड, ७ टनांपर्यंत हलकं, मधली सगळी मध्यम. एअरबस ए-३२० आणि एटीआर-७२ दोन्ही मध्यम गटात येतात. ए-३८० साठी वेगळे, जास्त अंतराचे नियम आहेत. रडार असेल तिथे किमान अंतर असं:

- जड विमानामागे जड: ४ सागरी मैल (७.४ किमी)
- जड विमानामागे मध्यम: ५ सागरी मैल (९.३ किमी)
- जड विमानामागे हलकं: ६ सागरी मैल (११.१ किमी)
- मध्यम विमानामागे हलकं: ५ सागरी मैल (९.३ किमी)

मध्यम विमानामागे मध्यम असेल तर रडारचं नेहमीचं किमान अंतर चालतं, सहसा ३ सागरी मैल. रडार नसेल तर मिनिटं मोजतात. मध्यम विमानामागे हलकं उतरताना ३ मिनिटं जाऊ द्यावी लागतात.

तासाला किती विमानं?

विमान ताशी २६० किमी वेगाने येत असेल तर ३ सागरी मैल कापायला सुमारे ७७ सेकंद लागतात. म्हणजे तासाला जास्तीत जास्त ४६ विमानं. अंतर ५ मैल केलं की आकडा २८ वर येतो. मध्ये एखादं विमान उडवायचं असेल तर जागा आणखी सोडावी लागते.

मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. घिरट्या घालणाऱ्या विमानांची रांग वाढल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने गर्दीच्या तासांतली उड्डाणं आणि लँडिंग मिळून ४६ वरून ४४ वर आणायला सांगितलं. त्याच वर्षी ८ जूनला तिथे एक विमान उड्डाणासाठी धावत असतानाच मागे दुसरं उतरलं. दुर्घटना टळली, पण चौकशी लागली.

ओझरला काय होईल?

ए-३२० मागे ए-३२० असेल तर भोवऱ्यामुळे फारसं अडत नाही. ७ टनांच्या आतलं छोटं खासगी विमान मध्ये आलं, की त्याच्यापुढे जास्त अंतर सोडावं लागतं. त्यामुळे कुंभमेळ्यात फ्लाइट वाढवताना किती विमानं येणार, यासोबत कोणती आणि कुठल्या क्रमाने येणार, हेही बघावं लागेल.