प्रवाळावर आदळलेले पाहुणे

१६०२ च्या जुलैत ‘कॉर्बिन’ नावाचं फ्रेंच जहाज मालदीवच्या गोइधू अटोल या कंकणाकृती बेटसमूहाच्या प्रवाळावर चढलं आणि फुटलं. वाचलेल्यांत फ्रान्स्वा पिरार नावाचा माणूस होता. सुलतानाने त्याला पाच वर्षं बेटं सोडू दिली नाहीत. तेवढ्या काळात तो तिथली धिवेही भाषा बोलायला शिकला. लोक काय खातात, कवड्या कशा गोळा करतात, होड्या कशा बांधतात, सगळं त्याने बघून घेतलं. १६०७ मध्ये बंगालच्या बाजूने आलेल्या लुटारूंनी राजधानी मालेवर हल्ला केला, त्या गोंधळात तो सुटला आणि फिरत फिरत आजारी अवस्थेत गोव्याच्या इस्पितळात येऊन पडला. फ्रान्सला परतल्यावर त्याने जे लिहिलं त्यात मालदीवच्या पाणबुड्यांची एक युक्ती आहे. तळाशी पडलेल्या जड वस्तूला बुडी मारून दोर बांधायचा, मग एका फार हलक्या लाकडाचे तुकडे खाली नेत नेत त्या दोराला अडकवायचे. पुरेसे तुकडे झाले की वस्तू आपली आपण वर येते. आज हेच काम हवेच्या पिशवीने होतं, आणि तिच्यासाठी पाहुण्यांना वेगळा कोर्स विकला जातो.

मी मालवणजवळच्या देवबागचा. मालदीवच्या अरी अटोलमधल्या एका बेटावर डाइव्ह सेंटरचा कॉम्प्रेसर सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. टाक्या भरायच्या, तेल बघायचं, फिल्टर बदलायचे. (टाकीत नुसता ऑक्सिजन नसतो, साधी हवा असते, दोनशे बार दाबाची. हे मी मालवणात अजून सांगत असतो.) पाहुण्यांच्या खोलीतल्या पुस्तिकेत मालदीवचा इतिहास १९७२ ला सुरू व्हायचा, जणू त्याआधी तिथे नुसते माड होते. ते मला कधी पटलं नाही.

त्या आधीची शेकडो वर्षं हे प्रवाळ म्हणजे जहाजांचं मरण होतं. म्हणून तर ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट मोर्सबीला तिकडे पाठवलं. मोर्सबी मुंबईच्या आरमारातला. १८३४ ते १८३६ त्याच्या माणसांनी होड्यांतून दोराला बांधलेलं शिसं खोली बघायला सोडत अटोलमागून अटोल मोजून काढले, तापाने हैराण झाले, पण नकाशे असे केले की पुढे शंभराहून जास्त वर्षं जहाजं त्यांवर चालली. डार्विनने प्रवाळबेटांवरच्या १८४२ च्या पुस्तकात त्यांचा आधार घेतला. मोर्सबीच्या दोन अधिकाऱ्यांनी मालेत राहून लोकांविषयी जे टिपलं, ते मुंबईच्या जिऑग्राफिकल सोसायटीने छापलं. या सगळ्या कामाचा हेतू एकच होता: त्या खडकांपासून लांब राहायचं.

जवळ जायची इच्छा धरून आलेला एक मोठा माणूस म्हणजे हान्स हास. ऑस्ट्रियाचा हा पाणबुड्या १९५७-५८ मध्ये ‘झारिफा’ हे शिडाचं जहाज घेऊन मालदीव आणि निकोबारला आला. कूस्तो आणि गान्यां यांनी फ्रान्समध्ये १९४३ साली पाण्याखाली श्वास घेण्याचं सुटसुटीत यंत्र बनवलं होतं, त्यामुळे माणूस तळाशी रमू शकत होता. वाळूत शेपूट रोवून गवतासारख्या डुलणाऱ्या ईलच्या एका जातीला या मोहिमेनंतर हासचं नाव मिळालं. आमच्या बेटासमोरही ती दिसायची. पाहुणे तिला पाहायला फारसे थांबायचे नाहीत, त्यांना मुशी, म्हणजे शार्क, हवी असायची.

सुट्टीचा धंदा मात्र इटालियनांनी सुरू केला, आणि तोही मासे मारायला. १९७१ मध्ये जॉर्ज कॉर्बिन नावाचा एक इटालियन मालेत उतरला. योगायोग बघा, आडनाव त्या फुटलेल्या जहाजाचंच. त्याला बरछीने मासेमारी करता येईल, अशी माणसांनी न नासवलेली बेटं हवी होती. १९६० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ येऊन सांगून गेले होते की इथे पर्यटन जमणार नाही, ना धड विमानतळ, ना बँक, ना पाणी. कॉर्बिनने पुढच्या वर्षी काही मित्र आणले, काही तरुण मालदीवकरांनी त्यांना मालेतल्या घरांत उतरवलं. १९७२ च्या ऑक्टोबरात विहामानाफुशी बेटावर कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट उघडलं: तीस खोल्या, माडाची झापं, आंघोळीला विहिरीचं मचूळ पाणी. बांडोसही त्याच साली सुरू झालं. वर्षअखेर पाहुण्यांचा आकडा हजाराच्या थोडा वर गेला.

वेळ बरोबर साधली, ती शहाणपणापेक्षा अडचणीतून. मालदीवचा सुका कुप्पा मासा, म्हणजे ट्यूना, श्रीलंकेला जायचा, तोच देशाचा मुख्य व्यापार, आणि नेमकं त्याच सुमारास कोलंबोने परकीय चलन वाचवायला ती आयात आवळली. कुप्पा पकडणाऱ्यांकडे होड्या होत्या, वेळ होता आणि पाण्याचं ज्ञान होतं. पाहुण्यांना पाण्यावर नेणारी पहिली धोणी, म्हणजे तिथली होडी, मासेमारीचीच होती.

या ज्ञानाविषयी पुस्तिकेत ओळ नसते, म्हणून थोडं सांगतो. अटोलच्या कड्याला खिंडी असतात, तिकडे त्यांना कांडू म्हणतात. ईशान्य मोसमात समुद्र पूर्वेच्या खिंडीतून आत शिरतो, स्वच्छ पाणी घेऊन, आणि मुशी त्या तोंडावर उभ्या राहतात. नैर्ऋत्य मोसमात सगळं उलटं. त्यावर भरती-ओहोटी, त्यावर चंद्र. जर्मन इन्स्ट्रक्टर फळ्यावर खडूने बाण काढायचा, पण निघताना धोणीच्या केयोल्हूकडे, म्हणजे तांडेलाकडे, बघायचा. तो मान हलवायचा, नाहीतर जागा बदलायचा. तो स्वतः कधी टाकी लावून उतरला नव्हता. वर बसून बुडबुडे कुठे सरकतात ते बघायचा आणि पाहुणे वर यायच्या आत होडी तिथे नेऊन उभी करायचा. मला विचाराल तर मालदीवचं डायव्हिंग या माणसांनी उभं केलं.

जहाजं आदळणं काही थांबलं नाही. १३ फेब्रुवारी १९८१ ला ‘मालदीव व्हिक्टरी’ हे मालवाहू जहाज मालेजवळच्या हुलहुले विमानतळाच्या कडेला प्रवाळावर धडकून बुडालं. सिंगापूरहून रिसॉर्टांसाठीच माल आणत होतं. आज ते पस्तीस मीटरवर उभं आहे आणि पाहुणे पैसे देऊन ते बघायला उतरतात. पाहुण्यांचं सामान बुडालं आणि तेच विकायला काढलं, याला धंदा म्हणतात.

मुशीचंही तसंच झालं. मालदीवकर तिला तेलासाठी मारत, ते तेल होडीच्या लाकडाला लावत. कोकणातही माशाचं तेल होड्यांना चोपडायचे, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. मग पंखांचा बाजार आला, भाव चढला. १९७०-८० च्या दशकांत बांडोसवर हेरवार्थ फोइग्टमान नावाचा जर्मन तोंडात मासा धरून मुशींना भरवायचा, ते बघायला युरोपातून लोक यायचे. १९९० नंतर मालदीवच्या मत्स्य खात्यासाठी चार्ल्स अँडरसन यांनी हिशोब मांडला: अरीतल्या ‘फिश हेड’ या जागेवरची एक जिवंत करडी मुशी वर्षाला सुमारे ३३,५०० डॉलर मिळवून देते, मारली तर एकदाच ३२. असा हिशोब मंत्र्यालाही कळतो. १९९५ मध्ये फिश हेडसह पंधरा जागा राखीव झाल्या. २०१० मध्ये देशभर मुशी मारायला बंदी आली.

प्रवाळाला मात्र असं कुणी कायद्याने वाचवू शकलं नाही. १९९८ मध्ये पाणी तापलं आणि उथळ भागातलं नव्वद टक्क्यांहून जास्त प्रवाळ पांढरं पडून मेलं. २०१६ मध्ये पुन्हा तापलं. २००९ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी हवामान बदलाकडे लक्ष वेधायला टाक्या लावून पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली. फोटो जगभर गेला.

त्याच सुमारास गावांच्या बेटांवर पाहुणे ठेवायची परवानगी मिळाली. तोवर नियम असा, की एका बेटावर एक रिसॉर्ट आणि गाव वेगळ्या बेटावर. गावातली मुलं आता डाइव्हमास्टर होतात, काही स्वतःचं सेंटर चालवतात. आपल्याकडची कुटुंबंही माफुशीसारख्या बेटांवर उतरू लागली. त्यातले फार थोडे पाण्याखाली जातात, पण जे जातात त्यांना मराठीत ‘घाबरू नका, श्वास सोडा’ म्हणणारं कुणी भेटलं की चेहरा खुलतो.

२०२१ मध्ये सरकारात मुशीवरची बंदी उठवायची कुजबुज झाली. डाइव्हवाले उठले, परदेशातून पत्रं गेली, आणि तसा काही विचार नसल्याचा खुलासा मत्स्य मंत्रालयाला करावा लागला. मला सुटल्यासारखं वाटलं. आमच्या जुन्या केयोल्हूला फोन केला तर तो खूश नव्हता. त्याचा धाकटा भाऊ अजून मासेमारीला जातो. गळाला लागलेला मासा वर ओढेपर्यंत मुशी अर्धा तोडून नेते, कधी नुसतं डोकं हाती येतं. ते ३३,५०० डॉलर कुणाच्या खिशात जातात, असं त्याने मला विचारलं. रिसॉर्टच्या, डाइव्ह सेंटरच्या, थोडे माझ्याही, मी म्हटलं. भावाच्या घरी किती पोचतात हे त्याने विचारलं नाही, ते त्याला ठाऊकच होतं.