थकबाकीदार बाप, ओलीस मुलगा

सरकारचा सारा थकला आणि नारायणपेठच्या देशपांड्यांचा मुलगा बीदरला ओलीस राहिला. अंबाजोगाईच्या दासोपंतांचं चरित्र असं महसुलाच्या खात्यात सुरू होतं. दासोपंतांचा जन्म १५५१चा. वडील दिगंबरपंत हे बरीदशाहीतले वसुली अधिकारी. दुष्काळ पडला, वसूल आला नाही, भरणा चुकला. परंपरा सांगते की बादशहाने पोराला ठेवून घेतलं आणि बापाला महिन्याची मुदत दिली. रक्कम आली तर मुलगा परत; नाही आली तर त्याचा धर्म बदलला जाणार.

ओलीस ठेवण्याची ही रीत दख्खनला नवी नव्हती आणि पुढेही बराच काळ टिकली. १६८९मध्ये रायगड पडल्यावर येसूबाईंबरोबर धरलेला लहानगा शाहू मोगलांच्या छावणीत वाढला, तो थेट १७०७मध्ये सुटला. १७९२च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूने आपले दोन लहान मुलगे कॉर्नवॉलिसच्या हवाली केले. त्या लढाईत मराठे आणि निजाम दोघेही इंग्रजांच्या बाजूने होते, म्हणजे या व्यवहारात आपलेही हात होतेच. मोठ्यांचा शब्द खरा राहावा म्हणून लहानांना तारण ठेवायचं, इतका हा साधा हिशेब.

चिनुआ अचेबेच्या १९५८ सालच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीतही असाच एक मुलगा आहे, इकेमेफुना. उमुओफिया गावातल्या एका बाईचा खून शेजारच्या म्बाइनोत झाला. भरपाई म्हणून म्बाइनोने एक कुमारिका आणि हा पंधरा वर्षांचा मुलगा देऊन टाकला. गावाने त्याला ओकोन्क्वोच्या घरी ठेवलं. तीन वर्षांत तो घरचाच झाला. ओकोन्क्वोचा थोरला, न्वोये, तर त्याला भाऊच मानू लागला. मग देवाचा कौल आला, की याला मारा. एका वडीलधाऱ्याने ओकोन्क्वोला बजावलं होतं, की पोर तुला बाप म्हणतं, तू हात लावू नकोस. तरी रानात पहिला घाव बसलेला मुलगा त्याच्याचकडे धावला, तेव्हा ओकोन्क्वोने कोयता काढला. लोक आपल्याला मऊ म्हणतील, ही त्याची भीती.

या भीतीचं मूळही थकबाकीतच आहे. ओकोन्क्वोचा बाप उनोका बासरी वाजवायचा, ताडी प्यायचा आणि उधाऱ्या करायचा. घेणेकरी दारात आला की घराच्या भिंतीवर ओढलेल्या खडूच्या रेघा दाखवून तो हसायचा: ही एवढी मोठी देणी आधी फेडतो, मग तुझं बघू. त्या बापाची लाज मुलाने जन्मभर वागवली. कुस्ती मारली, शेती वाढवली, बायकांवर हात उगारला आणि बापाला जे जे आवडायचं त्याचा तिरस्कार केला. त्यात बासरी गेली आणि हळुवारपणाही गेला.

दिगंबरपंतही देणेकरीच. पण आपल्याकडच्या कथेला त्यांची लाज वाटत नाही, आणि हे ध्यानात घेण्यासारखं आहे. थकबाकीदार कारभारी हा दख्खनच्या भक्तिकथांचा आवडता नायक. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली आणि बीदरचं बोलावणं ओढवून घेतलं. भद्राचलमचा तहसीलदार कंचर्ल गोपन्ना म्हणजे रामदास, सरकारी पैशातून मंदिर बांधलं म्हणून गोवळकोंड्याच्या तुरुंगात पडला. तिन्ही कथांत शेवटच्या क्षणी कुणीतरी अनोळखी माणूस येऊन पूर्ण रक्कम भरतो आणि निघून जातो. रामदासासाठी राम-लक्ष्मण आले. दामाजीसाठी विठ्ठल महाराच्या रूपात आला, आणि दासोपंतांसाठी दत्त ‘दत्ताजी पाडेवार’ होऊन आला. हा पाडेवारही महारच.

रकमेची थैली घेऊन बीदरला जाणारा माणूस महारच का? यात चमत्कार कमी आणि गावगाडा जास्त आहे. गावचा वसूल सरकारी खजिन्यापर्यंत पोचवणं हे महारांच्या वतनी कामांपैकी एक होतं. ऐकणाऱ्याला थैलीवाला महार ओळखीचा होता. त्याच्यात देव आहे, एवढंच काय ते कथेने जोडलं. देवाने आपलं रूप घेतलं म्हणून महारांची वेठ सुटली नाही, हेही इथेच नोंदवायला हवं. त्याच वतनाचा जाच कमी करण्यासाठी डॉ. आंबेडकरांना १९२८मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडावं लागलं.

याच बीदरशी महारांची स्वतःची एक आठवण जोडलेली आहे, अमृतनाकाची. बादशहाच्या घरातली बाई पळवली गेली, ती सोडवून आणायची कामगिरी त्याच्यावर आली. जाताना त्याने बादशहापाशी एक बंद पेटी ठेवली. बाई परत आल्यावर दरबारात कुजबुज सुरू झाली, तेव्हा त्याने पेटी उघडायला लावली. आत त्याने स्वतःच कापून ठेवलेलं पुरुषत्व होतं. महारांचे बावन्न हक्क या निष्ठेपोटी मिळाले, असं परंपरा सांगते. मर्दानी पराक्रमाची कामगिरी करायची, आणि तिच्यावर संशय येणारच हे धरून मर्दपणाच आधी पेटीत बंद करून द्यायचा! कुणाला भ्यावं लागतं आणि कुणाला भीती लपवण्याची चैन परवडते, हे या कथेइतकं उघडं क्वचितच कुठे सांगितलं गेलं असेल. ओकोन्क्वो गावातला प्रतिष्ठित माणूस होता. नाव जाईल ही भीती बाळगायला आधी नाव असावं लागतं. त्याच्या आजोळच्या गावातले ‘ओसू’, म्हणजे देवाला वाहिलेले बहिष्कृत, मात्र नवा धर्म येताच केस कापून चर्चमध्ये जाऊन बसले. त्यांचं त्या जुन्या जगात राखण्यासारखं होतंच काय?

दासोपंतांच्या अंबाजोगाईला तलवारीचं वावडं होतं असं मात्र नाही. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर इथला. जातीने ब्राह्मण, धंद्याने लढवय्या. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत नर्मदेकाठी पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या नावाने इथे मंदिर बांधलं आणि १२४०मध्ये तसा शिलालेख कोरला गेला. त्या वीराची कीर्ती आपल्यापर्यंत आली ती बहिणीने दगडावर उतरवून ठेवली म्हणून.

दासोपंत सुटून घरी आले, पण देशपांडेपणात रमले नाहीत. बापाची वृत्ती मुलाने चालवायची हा त्या काळचा नियम. तो मोडून ते घर सोडून निघाले आणि माहूरला जाऊन राहिले. न्वोयेही असाच निघून गेला. इकेमेफुनाला मारल्याच्या रात्री त्याच्या आत काहीतरी तुटलं होतं, आणि पुढे मिशनऱ्यांचं गाणं त्या जागी जाऊन बसलं. ओलीस पोराचा जाच एकाने स्वतः भोगला आणि दुसऱ्याने जवळून पाहिला, आणि दोघांनीही बापाचा वारसा नाकारला. फरक एवढाच, की दासोपंतांना धर्म बदलायची धमकी होती आणि ते दत्तभक्त झाले. न्वोयेला कुणी धमकी दिली नव्हती, तो आपल्या पायांनी गेला.

दासोपंतांनी पुढे अंबाजोगाईत जे लिहिलं त्याचा आवाका अंगावर येतो. ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. ‘पासोडी’ तर कागदावर नाहीच. थंडीत अंगावर घ्यायच्या जाड्याभरड्या कापडाच्या सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद पट्ट्यावर त्यांनी पंचीकरण लिहिलं, सोळाशेच्या आसपास ओव्या आणि जोडीला आकृत्या. असल्या कापडावर शाई फुटते, बोरू अडकतो. त्यावर इतकं सलग लिहायला मनगटात जी ताकद लागली असेल, तिला कुस्तीच्या फडात जागा नाही.

ओकोन्क्वोचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. सात वर्षांच्या हद्दपारीनंतर तो परतला तर गाव बदललेलं. त्याने सरकारी शिपायाचं मुंडकं उडवलं, आणि त्याच्यामागे कुणीच उठलं नाही. मग त्याने गळफास घेतला. त्याच्याच लोकांना त्या देहाला शिवता येईना. न्वोयेबद्दल त्याने आधीच बाकीच्या मुलांना सांगून टाकलं होतं, की तो आता माझा मुलगा नाही आणि तुमचा भाऊही नाही.

दिगंबरपंतांचं निराळं झालं. बारा वर्षं मुलाचा पत्ता नव्हता. जनरीतीप्रमाणे सुनेला वैधव्याचे विधी करायची वेळ आली होती. त्यासाठी मंडळी गोदाकाठी संगमावर गेली आणि तिथेच दासोपंत भेटले, असं चरित्रं सांगतात. पुढे सगळं कुटुंब अंबाजोगाईला आलं. कधीकाळी बादशहाचा वसूल करणारा तो बाप, वतनाशिवाय, मुलाच्या गावात राहू लागला.