रामगिरीवरचा दिङ्नाग

नागपूरहून रामटेकला जाणाऱ्याला कालिदास आठवतो, दिङ्नाग सहसा आठवत नाही. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपले रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. मला ते पटते. या रामगिरीवरून निघणाऱ्या मेघाला यक्ष सांगतो, की वाटेत दिङ्नागांच्या सोंडांचे फटकारे टाळ. दिङ्नाग म्हणजे दिशा सांभाळणारे हत्ती. टीकाकार मल्लिनाथाला मात्र येथे श्लेष दिसला : हा कालिदासाचा प्रतिस्पर्धी, बौद्ध तार्किक दिङ्नाग, आणि सोंडा म्हणजे त्याचे हातवारे.

कालिदास इ. स. 400च्या सुमाराचा, दिङ्नाग साधारण 480 ते 540 मधला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे श्लेष टिकत नाही. तरी मल्लिनाथाने ज्याला येथे आणून बसवले, त्याचाच प्रश्न यातून उभा राहतो : मनातले प्रतिरूप नेमके कशाचे?

‘आलंबनपरीक्षा’ हा दिङ्नागाचा अवघ्या आठ कारिकांचा ग्रंथ. मूळ संस्कृत हरवले. तिबेटी व चिनी भाषांतरे उरली. त्यात तो दोन अटी घालतो. ज्ञानाचा विषय तोच, जो ते ज्ञान उपजवतो आणि ज्याचा आकार त्या ज्ञानात उतरतो. अणू ज्ञान उपजवतील, पण अणू कोणाला दिसतात? अणूंचा समूह दिसतो, पण तो खरी वस्तूच नव्हे. सदोष डोळ्याला दिसणाऱ्या दुसऱ्या चंद्रासारखा तो, काही उपजवू शकत नाही. तेव्हा विषय बाहेर नाही. ज्ञानातच भासणारा आकार, तोच विषय. (कालिदासही मेघाला धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांची जुळणी म्हणतो. यक्षाला त्यात निरोप्या दिसतो.)

हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. पूर हा थेंबांचा समूहच, तरी तो पूल वाहून नेतो. अटी मात्र पक्क्या आहेत. 1980च्या दशकात फ्रेड ड्रेट्स्की, जेरी फोडर हे अमेरिकी तत्त्वज्ञ प्रतिरूपाचा अर्थ कार्यकारणसंबंधातून लावू लागले, तेव्हा त्यांना हीच अडचण भेटली. जे कारण तोच विषय म्हटले, तर अंधारात दोरीने उपजवलेले सापाचे ज्ञान दोरीचेही ठरते, आणि भ्रम म्हणून काही उरत नाही. नुसत्या साम्यावर विसंबावे, तर जुळ्या भावांपैकी मनात कोण आहे हे सांगता येत नाही.

आता मल्लिनाथाचा श्लेष या कसोटीला लावून पाहू. त्या शब्दात तार्किकाचा आकार चोख उतरतो, पण शब्द लिहिला गेला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. पहिली अट मोडली. दिङ्नागाच्याच न्यायाने त्या श्लोकात दिङ्नाग नाही. उरले हत्ती. पण दिशांचे हत्ती तरी कोणी पाहिले? जे नाहीतच, ते कालिदासाच्या मनात काय उपजवणार? त्या शब्दाचा विषय मनाबाहेर शोधून सापडत नाही, आणि एवढ्यापुरते तरी दिङ्नागाचे म्हणणे मला नाकारता येत नाही.